मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर नक्की किती, आणि जाताना १६ तास, येताना १४ असं का?

पुणे_३८

नमस्कार मंडळी. आई-बाबांना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बहिणीकडे, न्यू जर्सीत एडिसनला पाठवायचं आहे. परतीचं तिकीट मार्चअखेरचं. विमान मुंबईहूनच. तिकिटं बघायला घेतली आणि आकड्यांचा मेळच लागेना.

मुंबई-न्यूयॉर्क अंतर एका ठिकाणी १२,५४० दिलंय, दुसरीकडे ७,७९० आणि तिसरीकडे ६,७७०. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर सोळा हजारांच्या वर जातं. विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर प्रत्यक्ष उड्डाण १३ हजार किमीच्या आसपास किंवा जास्तच दिसतं. वेळेचंही तसंच. न थांबता जाणाऱ्या विमानाला जाताना साडेपंधरा ते सोळा तास, येताना चौदा-साडेचौदा. मध्ये एक थांबा घेतला की २० पासून ३० तासांपर्यंत काहीही.

खरं अंतर कोणतं धरायचं? जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक कशामुळे? पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असं एकाने सांगितलं, ते बरोबर का? आणि पुण्यातल्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत एकूण किती तास धरावेत? दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे अंदाजपंचे नको आहे.

नकाशावाचक

अंतरापुरतं मी सांगतो.

तिन्ही आकडे एकच आहेत, एककं वेगळी. १२,५४० किलोमीटर, ७,७९० मैल आणि ६,७७० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. वैमानिक आणि हवाई नियंत्रण सागरी मैलांतच मोजतात, त्यामुळे काही साइट तोच आकडा एकक न लिहिता छापून टाकतात. आकड्यापुढे काय लिहिलंय ते आधी बघायचं.

आता भिंतीवरचा नकाशा. शाळा-कचेऱ्यांतले बरेचसे नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात विषुववृत्तापासून वर जाल तसं सगळं ताणलं जातं. ६० अक्षांशावर लांबी दुपटीने मोठी दिसते. कोपऱ्यात दिलेलं प्रमाण फक्त विषुववृत्तापाशी खरं असतं, म्हणून पट्टीने सोळा हजार आले. बरं, त्या सरळ रेघेवरून विमान खरोखर नेलं, म्हणजे अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक, तर ती वाट साधारण १४,२०० किमीची होते. सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा तब्बल सोळाशे किमी जास्त.

सर्वांत जवळची वाट बघायची तर पृथ्वीगोल घ्या. एक दोरा मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा वायव्येला निघतो, तोही पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे जास्त झुकून. सिंध, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर किनारा आणि वरून खाली न्यूयॉर्क. आइसलँडच्या जवळ ही वाट जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क पावणेएक्केचाळीसवर, आणि वाट मात्र पार तिथून. दोरा ताणून बघितल्याशिवाय हे पटत नाही, पण पृथ्वी गोल असण्याचा हा थेट परिणाम आहे. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. १२,५४० हा आकडा त्याच वाटेचा.

न्यूयॉर्कसाठीचे दोन विमानतळ, जेएफके आणि न्यूअर्क, यांच्या मुंबईपासूनच्या अंतरात फरक जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा. अंतरासाठी दोन्ही सारखेच धरा.

उड्डाणनियोजन

वरचं अंतर बरोबर आहे, पण ते किमान अंतर आहे. त्या रेघेवरून विमान फारच क्वचित जातं. प्रत्यक्ष उड्डाणात त्यावर २ ते ६ टक्के वाढ नेहमीची. अ‍ॅपवर १३ हजार दिसतात ते त्यामुळेच.

आधी पृथ्वीच्या फिरण्याचं. उत्तर: नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फिरण्यामुळे थेट फरक पडत असता तर तो तास-दीड तासाचा नसता. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरते, विमानाच्या जवळपास दुप्पट. पण पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यांच्या दिशेवर परिणाम होतो आणि आपला दीड तास त्या वाऱ्यांकडून येतो, इतकाच आडून संबंध.

९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे अरुंद आणि जोरदार वारे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. गाभ्यात वेग ताशी १५० ते २५० किमी, हिवाळ्यात कधी ३०० च्याही वर. लांब पल्ल्याची विमानंही नेमकी याच उंचीवर असतात.

हिशेब असा करा. बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० यांचा हवेतला वेग साधारण ताशी ९०० किमी धरा. जाताना वाट १२,९०० किमी आणि सगळ्या प्रवासात मिळून सरासरी ५० किमीचा समोरचा वारा. जमिनीवरचा वेग ८५० राहिला. १२,९०० भागिले ८५० म्हणजे १५ तास १० मिनिटं. चढताना-उतरताना कमी वेग आणि धावपट्टीपर्यंतची रांग यासाठी ४५ मिनिटं मिळवा: १५ तास ५५ मिनिटं. येताना विमान वारा मिळावा म्हणून थोडं दक्षिणेकडून जातं, वाट १३,००० धरा. मागचा वारा ५०, वेग ९५०. १३ तास ४० मिनिटं अधिक ४५, म्हणजे १४ तास २५ मिनिटं. तुम्हाला दिसलेला दीड तास इथे मिळतो.

वारा दोन्हीकडे सारखाच असला तरी जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण वसूल होत नाही, हेही लक्षात असू द्या. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, मागच्या वाऱ्यात कमी वेळ. म्हणून जाण्यायेण्याची सरासरी काढून 'वारा नसतानाचा वेळ' मिळतो असं समजू नका.

तिकिटावरचा वेळ हा ब्लॉक टाइम असतो: गेटवरून विमान ढकलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. त्यात दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामधलं जमिनीवरून चालणं, येतं. मुंबईत रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान परदेशी उड्डाणांची गर्दी असते, तेव्हा गेट सोडल्यावर २५-३० मिनिटं जमिनीवरच जाणं नवल नाही. विमान 'अर्धा तास उशिरा उडालं आणि तरी वेळेत पोचलं' असं दिसतं, कारण कंपनीने तो अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरलेला असतो.

आता वाट का वळते. एक, वारा. अटलांटिकवर तर रोज वाऱ्याचा अंदाज बघून समांतर वाटांचा संच नव्याने आखला जातो. युरोपाकडून अमेरिकेकडे जाणारा दिवसाचा संच ब्रिटन-आयर्लंडकडचं केंद्र काढतं आणि अमेरिकेकडून येणारा रात्रीचा संच कॅनडातलं गँडरचं केंद्र. आज विमान स्कॉटलंडवरून गेलं आणि उद्या दक्षिण इंग्लंडवरून, असं दिसलं तर कारण हेच.

दोन, बंद आकाश. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क या एकाच जोडीवर कंपनी कुठल्या देशाची यावरून वाट बदलते, आणि वाटेवरून वेळ. पाकिस्तान टाळण्याचा फटका दिल्लीला जास्त बसतो, कारण विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून अरबी समुद्राकडे उतरावं लागतं. मुंबईचं विमान थेट समुद्रावर जातं. ओमान-आखातावरून गेलं तर कागदावर वाढ साधारण चारशे किमीची.

चारशे किमी म्हणजे अर्धा तासही नाही, मग एवढा गवगवा का? वजनामुळे. ७७७-३००ईआर उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ३५१.५ टनांचं असू शकतं. रिकामं विमान, कर्मचारी आणि सामग्री मिळून सुमारे १७० टन. इंधन तासाला साधारण सात ते आठ टन, म्हणजे सोळा तासांना १२० टनांच्या घरात. त्यावर राखीव लागतंच: वाटेतल्या फरकासाठी साधारण ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढं, आणि तिथे अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. इंधन १३५ टनांवर गेलं की माणसं, सामान आणि माल सगळं धरून ४५-४७ टन उरतात. साडेतीनशे प्रवासी सामानासकट ३५ टन घेतात. वर एक तास वाढला की सात-आठ टन आणखी हवेत, आणि ते वाहून न्यायलाही इंधन जळतं. जादा घेतलेल्या इंधनातलं दर तासाला तीन-चार टक्के केवळ ते उचलून नेण्यातच संपतं. म्हणजे आधी माल उतरवायचा, मग काही खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, नाहीतर मध्ये कुठेतरी उतरून इंधन भरायचं. २०२५ मध्ये भारतातून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला उतरत होती ती यासाठीच.

तिकीट बघताना म्हणून 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांतला फरक बघा. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच, पण ते मध्ये उतरू शकतं. नॉनस्टॉप म्हणजे कुठेही नाही.

सातारकर७१

६५ अंश उत्तरेला, दहा-अकरा किमी उंचीवर बाहेर उणे ५५-६० तापमान असतं. इंधन गोठत नाही का?

उड्डाणनियोजन

चांगला प्रश्न. भारतात मिळणारं जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांला गोठू लागतं. अमेरिकेत सर्रास मिळणारं जेट ए उणे ४० ला. म्हणजे या बाबतीत परतीचं उड्डाण जास्त जपायचं असतं. पण टाकीतलं इंधन बाहेरच्या हवेइतकं थंड व्हायला बरेच तास लागतात, आणि वेगामुळे हवा पंखावर दाबली जाऊन पंखाचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गरम राहतो. टाकीतलं तापमान कॉकपिटमध्ये दिसतं. ते गोठणबिंदूच्या तीन अंशांच्या आत येऊ द्यायचं नाही असा नियम असतो. जवळ आलंच तर खाली, कमी थंड हवेत यायचं किंवा वेग थोडा वाढवायचा. दोन्हींत इंधन जास्त जातं, म्हणून फार थंड हवेचा पट्टा वाट आखतानाच टाळतात.

नकाशावाचक

वाऱ्याच्या मुद्द्याला जोड म्हणून एक उदाहरण, कारण 'कमी अंतर म्हणजे कमी वेळ' हे डोक्यातून जाता जात नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट लांबली, सुमारे १३,९०० वरून १५,३०० किमी झाली. वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण सगळा प्रवास पूर्वेकडे, वारा पाठीशी. परतीचं विमान अटलांटिकवरूनच पूर्वेकडे यायचं. जाऊन येऊन प्रवाशाची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची, दोन्ही वेळा वाऱ्याच्या बाजूने.

न्यूयॉर्कसाठी हे जमत नाही. पॅसिफिकवरून वाट इतकी वाढते की वारा ते भरून काढू शकत नाही. पश्चिम किनाऱ्याची गोष्ट वेगळी. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा गोलावर ताणून बघा: तो उत्तरेकडे, किंचित पूर्वेला निघतो आणि ७७ अंशांपर्यंत चढतो, आर्क्टिकमध्ये. अंतर सुमारे १३,५०० किमी. पण ती सरळ वाट काराकोरमवरून जाते, आणि तिथे अडचण अशी की केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला काही मिनिटांत १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं. खाली शिखरंच २०,००० च्या वर असतील तर उतरणार कुठे? म्हणून त्या भागातून सुटकेची वाट आधी ठरवल्याशिवाय विमान नेत नाहीत, आणि बहुतेक जण तो भाग टाळतातच.

टी२_मुंबई

वेळेच्या हिशेबात लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक, तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत आणा, मग वजा करा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळी वेळ चालू असताना चार तास मागे. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास.

उदाहरण: मुंबईहून मध्यरात्रीनंतर १:३० ला निघालं. यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ८. त्यात १५ तास ५० मिनिटं मिळवली की सकाळचे ११:५०. न्यूयॉर्कला उन्हाळी वेळेत सकाळचे ७:५०, हिवाळ्यात ६:५०. तारीख तीच. परतीला न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालं, उन्हाळी वेळ आहे, म्हणजे यूटीसी संध्याकाळचे ४. अधिक १४ तास २० मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळचे ६:२०. मुंबईत सकाळचे ११:५०, दुसऱ्या दिवशी.

अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. तुमचं जाणं ऑक्टोबरअखेर, येणं मार्चअखेर, त्यामुळे दोन्ही वेळा साडेनऊच. पण जाण्याची तारीख आठ-दहा दिवस पुढे ढकललीत तर साडेदहा होतील आणि बहिणीने तासभर चुकीच्या वेळी विमानतळावर जाण्याची शक्यता तयार होईल.

दुसरी चूक जास्त महागात पडते. तिकिटावर '२८ ऑक्टोबर, ००:५०' लिहिलंय याचा अर्थ २७ तारखेला रात्री नऊच्या आत टर्मिनल २ ला पोचायचं. २८ ला रात्री गेलात तर विमान सुटून जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. पुण्याहून गाडी ठरवताना चालकाला २७ तारीखच सांगा, आणि आई-बाबांच्या कागदावरही 'घरातून निघणे: २७, दुपार' असंच लिहा.

आणखी एक. कोणी नागपूर, छत्रपती संभाजीनगर वगैरेहून देशी विमानाने मुंबईला येऊन पुढे जाणार असेल तर उतरायचं ठिकाण नीट बघा. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ यांच्यात रस्त्याने जावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही चालू झालाय. तिकिटावर फक्त 'मुंबई' वाचून चालत नाही, विमानतळाचं नाव बघा. नवी मुंबईला उतरून सहार गाठायचं तर गर्दीच्या वेळी दोन तासही लागतात.

पुणे_३८

सगळ्यांचे मनापासून आभार. दोरा ताणून बघितला, आइसलँडवरूनच जातो!

आता मधल्या थांब्याचं. नॉनस्टॉपचं भाडं त्या आठवड्यात बरंच जास्त आहे. दुबईमार्गे एक पर्याय एक तास वीस मिनिटांच्या थांब्याचा, दुसरा चार तासांचा. लंडनमार्गेही आहे. थांबा घेतल्याने अंतर किती वाढतं? एक तास वीस मिनिटं पुरतात का?

जर्सीकर

अंतर वाढत नाही म्हटलं तरी चालेल. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई-जेएफके ११,०२०. बेरीज १२,९५०. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५५०, म्हणजे १२,७६०. दोहामार्गे १३,०७० च्या आसपास. नॉनस्टॉपच्या १२,५४० पेक्षा दोन ते चार टक्केच जास्त, कारण ही सगळी शहरं त्या वाटेच्या फार बाहेर नाहीत.

वेळ जातो तो जमिनीवर. दुबईमार्गे सव्वातीन-साडेतीन तास आणि मग चौदा-सव्वाचौदा तास, उडण्याचे एकूण साडेसतरा ते पावणेअठरा. लंडनमार्गे साडेनऊ-दहा आणि मग आठ, तेही तेवढेच. नॉनस्टॉपपेक्षा दोन तास जास्त, त्यातला बराचसा वेळ दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्याचा आणि टॅक्सीइंगचा. उरलेला फरक संपूर्णपणे थांब्याचा. म्हणून शोधताना 'एकूण अंतर' बघण्यात काही अर्थ नाही, थांब्याची लांबी बघा.

एक तास वीस मिनिटं घेऊ नका. कंपनी विकते म्हणजे तिच्या किमान वेळेच्या नियमात ते बसतं, पण तो नियम झपाझप चालणाऱ्या माणसाचा आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानाला गेटवर कागदपत्रांची आणि बऱ्याचदा सामानाची वेगळी तपासणी असते, चढवायला लवकर सुरुवात होते आणि गेटही लवकर बंद होतं. व्हीलचेअर मागितली असेल तर मदतनीस यायला विमान पूर्ण रिकामं व्हावं लागतं, तिथेच वीस-पंचवीस मिनिटं गेली. मुंबईहून अर्धा तास उशीर झाला की संपलं. सत्तरीच्या पुढच्यांसाठी अडीच ते चार तास हा योग्य थांबा. सहाच्या वर गेला की खुर्चीत बसूनच अंग आंबतं.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असायलाच हवीत. तसं असेल तर जोड चुकल्यास पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम आणि सामानही थेट न्यूयॉर्कपर्यंत जातं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुबईत सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावं लागू शकतं, त्यासाठी तिथला व्हिसाही लागू शकतो, आणि दुसरं विमान चुकलं तर ते तिकीट बुडतं. वाचलेले पाच-सात हजार या धोक्यापुढे काहीच नाहीत.

लंडनमार्गे घेतलंत तर दोन्ही उड्डाणं एकाच टर्मिनलवरून आहेत ना ते बघा. टर्मिनल बदलायचं तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी आली. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की बहुतेक ठिकाणी सूट मिळते, तरी पैसे भरायच्या आधी त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघूनच घ्या.

अबुधाबीचा पर्याय मुद्दाम सुचवतो. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबुधाबीतच उरकतात, जानेवारी २०१४ पासून. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशी प्रवाशासारखं सरळ सामान घेऊन बाहेर. मात्र त्या तपासणीला तिथे वेळ द्यावा लागतो, म्हणून अबुधाबीत तीन तासांपेक्षा कमी थांबा नको. इंग्रजीतून प्रश्नोत्तरं करायला दोघं बिचकत असतील तर चौदा तासांच्या प्रवासानंतर थकून रांगेत उभं राहण्यापेक्षा हे त्याआधीच झालेलं बरं.

एडिसनसाठी न्यूअर्क मिळालं तर पहिली पसंती तीच. न्यूअर्कहून एडिसन ३५-४० मिनिटं. जेएफकेहून बेल्ट पार्कवे, व्हेराझानो पूल, स्टेटन आयलंड आणि गोथल्स पूल असं यावं लागतं; रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, संध्याकाळी दोन तासांच्या वर.

आणि बोस्टन किंवा शिकागोला उतरून पुढे देशी विमानाने न्यूअर्क असा पर्याय स्वस्त दिसेल. त्यात अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा जमा करायच्या, पुन्हा सुरक्षा तपासणी. बॅगेवर न्यूअर्कचा टॅग असला तरीही हे करावंच लागतं. टॅग बघून बॅगा तशाच सोडून पुढे गेलेल्यांच्या बॅगा तिथेच राहतात. दोघांना एकट्याने पाठवताना हा पर्याय मी तरी घेणार नाही.

टी२_मुंबई

दारापासून दारापर्यंतचा हिशेब राहिला होता. पुण्याहून सहार साधारण दीडशे किमी. एक्सप्रेसवेचा घाट आणि पुढे मुंबईतली गर्दी धरून चार तास. विमानतळावर चार तास आधी, कारण अमेरिकेच्या विमानाला चेक-इनची रांग मोठी असते आणि व्हीलचेअरची नोंद तिथेच पक्की होते. नॉनस्टॉपला १६. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन, न्यूअर्क असेल तर रस्त्याचा एक. एकूण २७ तास. दुबईमार्गे तीन तासांचा थांबा घेऊन जेएफकेला उतरलात तर ४ अधिक ४ अधिक २०½ अधिक २ अधिक १½, म्हणजे ३२. अबुधाबीमार्गे यातला न्यूयॉर्कच्या रांगेचा तास-दीड तास वजा.

औषधं या २७ किंवा ३२ तासांच्या हिशेबाने, वर दोन दिवसांची जास्त धरून, हातातल्या पिशवीत ठेवा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील तर कुठल्या घड्याळाने कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना तिकीट दाखवूनच लिहून घ्या. 'रोज रात्री नऊला' म्हणजे मुंबईचे नऊ की न्यूयॉर्कचे, हा गोंधळ विमानात सोडवता येत नाही.

उड्डाणनियोजन

नॉनस्टॉप की थांबा यावर माझं मत: भाड्यातला फरक पेलत असेल तर नॉनस्टॉप, पण तिकीट काढण्याआधी त्याच क्रमांकाच्या विमानाची गेल्या दोन आठवड्यांतली प्रत्यक्ष उड्डाणं अ‍ॅपवर बघा. तीन गोष्टी टिपा: ते मध्ये कुठे उतरलं का, रोज किती वाजता पोचलं, आणि किती दिवस रद्द झालं. वेळापत्रकापेक्षा हा आकडा खरा. दोन आठवड्यांत चार-पाच दिवस मध्ये उतरलेलं दिसलं तर त्याला नॉनस्टॉप समजून जादा पैसे देऊ नका. तीन तासांचा सरळ थांबा त्यापेक्षा बरा, निदान पाय मोकळे होतात.

थांबाच घ्यायचा असेल तर दोन तुकडे कसे पडतात ते बघा. दुबईत तीन आणि चौदा, लंडनला दहा आणि आठ. गुडघ्यांचा त्रास असेल तर मी लंडनकडे झुकेन, सलग चौदा तासांचं बसणं टळतं. इंग्रजीचा आणि रांगांचा ताण जास्त वाटत असेल तर अबुधाबी.

पुणे_३८

बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, आईला रांगांची धास्ती. नॉनस्टॉपचा दोन आठवड्यांचा माग आज रात्री काढतो. तो नीट दिसला नाही तर अबुधाबीमार्गे, साडेतीन तासांचा थांबा, एकाच पीएनआरवर. तिकीट '२९ ऑक्टोबर, ०२:१०' असं आहे, म्हणजे गाडी २८ ला संध्याकाळी सहाला, बरोबर ना?

टी२_मुंबई

तारीख २८ बरोबर, वेळ नाही. सहाला निघून दहाला पोचाल असं दिसतं, पण संध्याकाळी सहाला पुण्यातून बाहेर पडतानाच पाऊण तास जाईल. चारला निघा.